संगणकाचा कळफलक व मराठी अक्षरें

संगणकाच्या ज्या कळफलकावर तुम्ही रोज बोटें चालवितां, त्याच्या कळांवर इंग्रजी अक्षरें छापलेलीं असतात. तीं तेथें कायमचीं बसलीं आहेत, व 'के'ची कळ दाबली म्हणजे 'के'च उमटावयाचें, असा बहुतेकांचा समज असतो. हा समज खरा नाहीं. कळेवरील अक्षर ही केवळ दारावरची पाटी आहे. घरांत बिऱ्हाड दुसरें आलें तरी पाटी जुनीच राहूं शकते. कोणती कळ दाबली असतां कोणतें अक्षर उमटावें, हें संगणकांतील एका कोष्टकावर अवलंबून असतें. आणि तें कोष्टक आपणांस बदलतां येतें. तें कसें बदलावें, कोठवर बदलावें व कोणत्या ठिकाणीं हात आवरावा, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. मराठी लिहिणाऱ्यास हा विषय इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षां अधिक महत्त्वाचा आहे; कां, तें पुढें दिसून येईल.

१. कळ दाबल्यावर काय होतें?

कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर दिसेपर्यंत तीन गोष्टी घडतात. पहिली ही कीं, प्रत्येक कळेस एक क्रमांक असतो व कळ दाबतांच तो क्रमांक संगणकास कळतो. ज्या कळेवर 'के' छापलें आहे तिचा क्रमांक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत ३७ धरतात. कळफलकास अक्षरांची ओळख नसते, तो एवढेंच सांगतो कीं, "सदतिसावी कळ दाबली गेली."

दुसरी गोष्ट म्हणजे कोष्टक. संगणक आपल्या कोष्टकांत ३७ या क्रमांकापुढें काय लिहिलें आहे तें पाहतो. इंग्रजी कोष्टक चालूं असेल तर तेथें १०७ हा संकेतांक सांपडतो, आणि १०७ म्हणजे इंग्रजी लहान 'के'. मराठी 'इन्स्क्रिप्ट' कोष्टक चालूं असेल तर त्याच कळेपुढें २३२५ हा संकेतांक सांपडतो, आणि २३२५ म्हणजे आपला 'क'. कळ तीच, बोट तेंच. बदललें तें कोष्टक.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या संकेतांकाचें चित्र काढणें. हें काम फाँटचें. जाड, बारीक, तिरपा असा 'क' कसाही दिसला तरी त्याचा संकेतांक २३२५ हाच राहतो. संगणकाच्या स्मरणांत साठविला जातो तो हा संकेतांक. कळेचा क्रमांकही नव्हे व चित्रही नव्हे. हें वाक्य वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

२. खिळ्यांपासून कळांपर्यंत

मराठी अक्षरें यंत्रावर चढविण्याची खटपट दोनशें वर्षांहून जुनी आहे. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण श्रीरामपूर येथील मिशन छापखान्यांत छापून काढलें, तेव्हां देवनागरीचे खिळे वापरले गेले. पुढें मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरीचे सुबक खिळे सिद्ध केले. जावजी दादाजी हे याच छापखान्यांत ही कला शिकले, आणि १८६९ सालीं त्यांनीं सुरूं केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांचा लौकिक देशभर पसरला. परंतु या सर्वांस एक अडचण सारखीच होती. जोडाक्षरें, काने, मात्रा, वेलांट्या व रफार यांमुळें देवनागरीच्या खिळ्यांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागे, आणि खिळे जुळविणाऱ्यास तितके कप्पे पाठ ठेवावे लागत.

टंकयंत्र आलें तेव्हां ही अडचण अधिकच वाढली. अमेरिकेंत क्रिस्टोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांचें टंकयंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं बाजारांत आणलें. इंग्रजी कळफलकाची आजची 'क्वर्टी' मांडणी त्याच वंशांतली आहे. १९३६ सालीं ऑगस्ट ड्वोरॅक यांनीं बोटांस कमी श्रम व्हावे म्हणून निराळ्या मांडणीचें पेटंट मिळविलें. पण लोकांच्या बोटांस पडलेलें वळण सुटलें नाहीं आणि जुनीच मांडणी टिकून राहिली. टंकयंत्राच्या एका कळेवर दोनच चिन्हें बसतात. इंग्रजीचा संसार तेवढ्यांत भागतो. देवनागरीचा भागत नाहीं. म्हणून देवनागरी टंकयंत्रावर अर्धीं अक्षरें व सुटे काने बसवून तुकड्यातुकड्यांनीं अक्षर जोडावें लागे.

आपल्या रत्नागिरीचा या इतिहासाशीं निकटचा संबंध आहे. लोकमान्य टिळक यांचा जन्म १८५६ सालीं याच गांवीं झाला. 'केसरी'च्या छपाईसाठीं देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नांत त्यांनीं जातीनें लक्ष घातलें होतें. पुढें विनायक दामोदर सावरकर हे १९२४ ते १९३७ या काळांत रत्नागिरीस स्थानबद्ध होते, तेव्हां त्यांनीं लिपिशुद्धीची चळवळ चालविली. 'इ, ई, उ, ऊ, ए' हीं स्वतंत्र रूपें सोडून 'अि, अी, अु, अू, अे' अशी अ-ची बाराखडी वापरावी, म्हणजे खिळे कमी लागतील व लिपि यंत्रावर सुलभ होईल, असें त्यांचें प्रतिपादन होतें. कांहीं नियतकालिकांनीं ही पद्धति उचललीही होती.

त्या पिढीपुढें प्रश्न होता तो असा: यंत्र बदलत नाहीं, तर लिपीनेंच कांहीं पाऊल मागें घ्यावें काय? आज हा प्रश्न उलटला आहे. संगणकाच्या कोष्टकांत जागेची टंचाई नाहीं. यंत्रच आपल्या लिपीप्रमाणें वळवितां येतें. त्या काळच्या विचारवंतांस जी मोकळीक मिळाली नाहीं, ती आज शाळकरी मुलास मिळाली आहे. म्हणूनच तिचा उपयोग समजून करावयास हवा.

३. मराठीचीं तीन कोष्टकें

मराठी लिहिण्यासाठीं आज मुख्यतः तीन प्रकारचीं कोष्टकें प्रचारांत आहेत.

पहिलें इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें १९८६ सालीं भारतीय लिपींसाठीं ही मांडणी ठरविली, व पुढें १९९१ च्या भारतीय मानकांत तिचा समावेश झाला. हिची रचना आपल्या वर्णमालेवरच बेतलेली आहे. स्वर व त्यांचीं चिन्हें डाव्या हाताकडे, व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे. 'एफ्'च्या कळेवर ऱ्हस्व वेलांटी, आणि शिफ्टसह तीच कळ दाबली कीं 'इ'. 'ई'च्या कळेवर काना, शिफ्टसह 'आ'. 'के'वर 'क', शिफ्टसह 'ख'. 'आय्'वर 'ग', शिफ्टसह 'घ'. ज्या मुलास बाराखडी व वर्णांचे वर्ग ठाऊक आहेत, त्यास ही मांडणी अर्धी येतेच. उदाहरणार्थ 'रत्नागिरी' हा शब्द लिहावयाचा असल्यास र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी अशा नऊ कळा दाबाव्या. येथें एक विशेष पाहावा. 'गि' मधील वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते, पण ती 'ग' नंतर दाबावयाची. कारण आपण उच्चार त्याच क्रमानें करतों.

दुसरें रेमिंग्टन कोष्टक. जुन्या टंकयंत्रावर ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठीं तीच मांडणी संगणकावर ठेवली आहे. येथें वेलांटी आधीं दाबतात. पालकांपैकीं ज्यांनीं पूर्वीं मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आहे, त्यांस ही मांडणी जवळची वाटेल.

तिसरें उच्चारानुसारी कोष्टक. 'गमभन' हें या प्रकारचें एक प्रसिद्ध उदाहरण. इंग्रजी अक्षरांनीं उच्चार लिहावा आणि संगणकानें त्याचें देवनागरी करावें, अशी ही रीत आहे. तीन दिवसांत शिकतां येते. मात्र मन सदैव रोमन अक्षरांतून फिरून येतें.

या तिहींपैकीं कोणत्याही कोष्टकानें 'क' लिहिला तरी साठविला जाणारा संकेतांक २३२५ हाच. हे संकेतांक 'युनिकोड' या जागतिक व्यवस्थेनें ठरविलेले असून तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. म्हणून रेमिंग्टननें लिहिणाऱ्या वडिलांचें पत्र इन्स्क्रिप्टनें लिहिणाऱ्या मुलास वाचतां येतें, दुरुस्त करतां येतें, व त्यांतील शब्द शोधतां येतो.

४. कोष्टक कसें बदलावें?

बदल दोन कारणांनीं करावा लागतो: बोटांच्या सोयीसाठीं व अक्षरांच्या सोयीसाठीं.

बोटांच्या सोयीचा बदल साधा आहे. 'कॅप्स लॉक'ची कळ मोक्याच्या जागीं असून क्वचित उपयोगीं पडते. तिचा क्रमांक ५८. तिच्यापुढें कोष्टकांत 'कंट्रोल' लिहिलें कीं ती कंट्रोलचें काम करूं लागते. आपल्या कोंकणच्या दमट, खाऱ्या हवेंत एखादी कळ गंजून बसली, तर नवा कळफलक येईपर्यंत तिचें काम शेजारच्या रिकाम्या कळेस देतां येतें. विंडोजमध्यें 'पॉवरटॉईज' नांवाच्या संचांतील 'कीबोर्ड मॅनेजर' हें काम करतो. लिनक्समध्यें त्यासाठीं 'एक्सकेबी' ही व्यवस्था आहे. ज्या मुलास एकाच हाताचा उपयोग करतां येतो, त्यास शिफ्ट व अक्षर या दोन कळा एका वेळीं दाबणें कठीण जातें. त्यासाठीं 'स्टिकी कीज' ही सोय चालूं करावी. मग शिफ्ट दाबून सोडून दिली तरी पुढील कळेस ती लागूं होते. असा बदल ही चैन नव्हे. त्यायोगें एका विद्यार्थ्यास इतरांबरोबर बसून लिहितां येतें.

अक्षरांच्या सोयीचा बदल मराठीस विशेष लागतो, कारण मराठीचीं कांहीं अक्षरें इतर भाषांस लागत नाहींत. 'ॲ' हें अक्षर घ्या. हिंदींत 'ऍ' लिहितात, मराठींत 'ॲ'. युनिकोडमध्यें 'ॲ'ला २४१८ हा स्वतंत्र संकेतांक २००८ सालीं मिळाला, आणि महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं जी वर्णमाला प्रसिद्ध केली तींत 'ॲ' व 'ऑ' यांस स्थान दिलें. परंतु इन्स्क्रिप्टची मूळ मांडणी त्यापूर्वींची; तींत शिफ्टसह १ ची कळ दाबली कीं 'ऍ' येतो, आणि 'ॲ'ला स्वतःची कळ नाहीं. उलट 'झेड्'च्या कळेवर ऱ्हस्व 'ए'ची मात्रा आहे, जिचा दक्षिणेकडील भाषांस उपयोग होतो, मराठीस मुळींच नाहीं. मग 'झेड्'वर 'ॲ' बसवावा हें उघड आहे.

विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर' या विनामूल्य साधनानें तें करतां येतें. त्याची रीत अशी:

(१) साधन उघडून चालूं असलेलें मराठी कोष्टक त्यांत आणावें. कोऱ्या पाटीपासून आरंभ करूं नये.
(२) 'झेड्'ची कळ निवडावी, तिच्यावर आधीं काय आहे तें वहींत टिपून ठेवावें, आणि तेथें 'ॲ' भरावा.
(३) कोष्टकास नवें नांव द्यावें. मूळ कोष्टक तसेंच राहूं द्यावें.
(४) कोष्टक बांधून संगणकावर बसवावें, व भाषांच्या यादींतून तें निवडावें.
(५) 'ॲल्युमिनियम', 'ॲसिड' असे चार शब्द लिहून पाहावे.

मॅकवर हेंच काम 'युकेलेले' या साधनानें होतें, आणि 'कीमॅन' हें साधन अनेक प्रणालींवर चालतें. हीं दोन्ही साधनें एसआयएल या भाषाभ्यासी संस्थेकडून मिळतात.

५. कळ बदलावी, संकेतांक बदलूं नये

आतां मुख्य मुद्दा सांगतों. 'ॲ'ची कळ सांपडत नाहीं म्हणून पुष्कळ लोक आधीं 'अ' लिहितात व त्यावर चंद्र काढतात. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात. परंतु संगणकाच्या स्मरणांत एकाचा संकेतांक २४१८ हा एकच, आणि दुसऱ्याचे २३०९ व २३७३ असे दोन. समजा, ॲग्नेस नांवाच्या मुलीचें नांव शाळेच्या नोंदींत एका रीतीनें व दाखल्यावर दुसऱ्या रीतीनें लिहिलें गेलें. कागदावर कोणासही फरक दिसणार नाहीं. पण संगणकानें अक्षरशः ताडून पाहिलें तर तीं दोन नांवें निराळीं ठरतील. आपल्या शाळांतून ॲलिस, ॲन्ड्र्यू, ॲग्नेस अशीं नांवें थोडीं नाहींत. म्हणून पालकांनींही ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

दुसरें उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचेंच. रत्नागिरीच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. या दोन शब्दांत अर्थाचें केवढें अंतर! 'दर्या' लिहितांना साधा 'र', संकेतांक २३५२. 'दऱ्या' लिहितांना 'ऱ', संकेतांक २३५३, जो इन्स्क्रिप्टमध्यें शिफ्टसह 'जे' दाबल्यानें मिळतो. दोहोंपुढें हलन्त व 'य' सारखेच. ज्यास हा 'ऱ' अवघड जागीं वाटतो, त्यानें तो सोप्या कळेवर खुशाल आणावा. पण तो मिळत नाहीं म्हणून 'दर्या' लिहून 'दऱ्या' समजा, असें म्हणूं नये.

या चुकीचें मोठें रूप मराठीनें एकदां पाहिलें आहे. संगणकांस मराठी कळत नव्हती त्या काळांत 'शिवाजी', 'किरण' यांसारखे फाँट प्रचारांत आले. त्यांनीं मोठीच सोय केली. घरोघरीं मराठी लिहिली जाऊं लागली. परंतु त्यांची युक्ति अशी होती कीं, संकेतांक इंग्रजी अक्षराचाच ठेवावा व त्याचें चित्र मात्र मराठी अक्षराचें काढावें. म्हणजे बदल कोष्टकांत न होतां चित्रांत झाला. ज्या संगणकावर तो फाँट नाहीं, तेथें तोच मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन दिसतो. कित्येक संस्थांचे अहवाल, कवितांच्या वह्या व घराण्यांच्या वंशावळी अशा स्थितींत अजून पडून आहेत. त्यांचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारीं साधनें उपलब्ध आहेत, आणि ज्या पालकांच्या घरीं असे जुने लेख असतील त्यांनीं तें काम लांबणीवर टाकूं नये. सुटींत हें काम मुलांनीं हातीं घेतलें तर घरचें ऋण थोडें फिटेल.

यावरून नियम असा निघतो. कळ ही आपली खासगी बाब आहे. ती आपल्या बोटांप्रमाणें कितीही बदलावी. संकेतांक हा सर्वांमधला करार आहे. तो एकट्यानें मोडूं नये. आपल्या घरांतील भांडीं कोणत्या फळीवर ठेवावीं हें ज्याचें त्यानें ठरवावें; पण शेराचें माप मात्र साऱ्या बाजारांत एकच असावें लागतें.

६. कांहीं सावधगिरीच्या सूचना

शाळेचा संगणक सर्वांचा असतो. त्याचें कोष्टक शिक्षकांस विचारल्यावांचून बदलूं नये. बदललेंच तर शेजारीं चिठी लावावी व तास संपतांच पूर्ववत् करावें. संगणकाचा परवलीचा शब्द जुन्या कोष्टकानें ठरविलेला असतो. नवें कोष्टक चालूं असतां तो लिहिला तर निराळींच अक्षरें पडून दार उघडत नाहीं, ही गोष्ट आधींच माहीत असावी. परीक्षेच्या ठिकाणीं तुमचें घरगुती कोष्टक मिळणार नाहीं. म्हणून ज्यांस पुढें टंकलेखनाची परीक्षा द्यावयाची आहे, त्यांनीं आधीं एक प्रचलित मांडणी पक्की करावी आणि मग हवे ते दोनचार बदल करावे. सर्वच कळा एकदम हलविणारा विद्यार्थी महिनाभर चाचपडत बसतो; एक कळ बदलून आठ दिवस सराव करणारा पुढें जातो.

कळा बदलण्याची ही विद्या लहानशी आहे, पण तिच्यांत एक मोठी शिकवण आहे. यंत्रानें पुढें केलेली सोय हीच शेवटची, असें मानूं नये. जें आपल्या भाषेस हवें तें मागण्याचा व घडविण्याचा आपणांस अधिकार आहे. मात्र तें घडवितांना दुसऱ्यास वाचतां येईल असेंच घडविलें पाहिजे. जावजी दादाजींच्या काळीं खिळे ओतण्यास भट्टी लागे; आज तुमच्यापुढें कोष्टक आहे आणि तें भरण्यास एक दुपार पुरते. ती दुपार सत्कारणीं लावा.

अभ्यासासाठीं

१. तुमच्या स्वतःच्या नांवास इन्स्क्रिप्टमध्यें किती कळा लागतात तें मोजा. त्यांपैकीं शिफ्टसह किती?
२. 'इ' व 'अि' हीं दोन रूपें संगणकावर लिहा. एकाचे संकेतांक किती व दुसऱ्याचे किती, तें शोधा.
३. तुमच्या लेखनांत 'ळ' व 'ल' किती वेळां येतात तें एका पानावर मोजा, आणि 'ळ'ला शिफ्टवांचून मिळणारी कळ द्यावी कीं नाहीं याविषयीं दहा ओळी लिहा.
४. घरांतील एखादा जुन्या फाँटमधील लेख युनिकोडमध्यें आणा, मूळ प्रतीशीं ओळीओळीनें ताडून पाहा, व सांपडलेल्या चुकांची यादी करा.